भारतीय अनुबोधपट (१९६१–७०)

भारतीय अनुबोधपट (१९६१–७०) : प्रत्यक्षातील व्यक्ती, स्थळे, घटना व प्रश्न यांचे चित्रण करून त्यांचा काही एक अर्थ प्रेक्षकापुढे मांडणारा चित्रपट म्हणजे अनुबोधपट होय. वृत्तपट घडलेल्या घटनेची वार्ता देऊन थांबतो. अनुबोधपटाला त्या घटनेमागील कारणांचा व माणसांचा शोध घ्यावयाचा असतो. ब्रिटिश अनुबोधपट-चळवळीचे प्रणेते जॉन ग्रिअर्सन (१८९८–१९७२) यांनी या प्रकाराला वास्तवाची सर्जनशील मांडणी मानले. या मांडणीत बोलावयाचे कोणी, चित्रपट काढणाऱ्याने की ज्याचे चित्रण होते त्याने, हा प्रश्न भारतीय अनुबोधपटाच्या संदर्भात १९६१ ते १९७० या दशकात प्रथमच ठळकपणे पुढे आला. या दशकातील उत्तम अनुबोधपटांचे महत्त्व त्यांच्या विषयांपेक्षा या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरांत आहे. ही उत्तरे एका शासकीय संस्थेच्या चौकटीत दिली गेली, हे त्यांचे वैशिष्ट्य. आणि त्या चौकटीबाहेर ती टिकू शकली नाहीत, ही त्यांची मर्यादा.

पार्श्वभूमी : भारतात वास्तवाच्या चित्रणाचा आरंभ कथापटाच्याही आधी झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईतील हँगिंग गार्डन येथे झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्र (१९१३) निर्माण करण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा एक लघुपट तयार केला होता. तथापि कथापटाच्या व्यवसायाने लवकरच सारे भांडवल व सारा प्रेक्षकवर्ग आपल्याकडे ओढून घेतला आणि वास्तवचित्रण हौशी व्यक्तींच्या व प्रसंगोपात्त चित्रणाच्या पातळीवर राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने युद्धप्रचारासाठी १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले. व्ही. शांताराम यांचाही काही काळ या मंडळाशी संबंध होता. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था अस्तित्वात आली. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांखाली चित्रपटगृहांना सरकारमान्य लघुपट दाखविणे सक्तीचे करण्यात आले. प्रचाराची साधने म्हणून या संस्थांविषयी राष्ट्रीय विचाराच्या लोकांत नाराजी होती आणि १९४६ मध्ये त्या बंद झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिच्याकडे जुन्या यंत्रणेबरोबर सक्तीच्या प्रदर्शनाची पद्धतही आली. परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक खेळात सु. २,००० फुटांपर्यंत, म्हणजे साधारणतः वीस मिनिटांचे, मान्यताप्राप्त चित्रपट दाखविणे आणि त्यांचे भाडे देणे चित्रपटगृहांच्या मालकांवर बंधनकारक होते. एवढा मोठा हुकमी प्रेक्षकवर्ग क्वचितच दुसऱ्या एखाद्या देशातील अनुबोधपटाला लाभला असेल. मात्र हा प्रेक्षक अनुबोधपट पाहावयास आलेला नसे; पुढे सुरू होणाऱ्या कथापटाची तो वाट पाहत असे.

निवेदनाची चौकट : पहिल्या दशकात फिल्म्स डिव्हिजनने धरणे, पोलाद कारखाने, शेतीसुधारणा, आरोग्य, हस्तकला, नृत्य व मंदिरे अशा विषयांवर मोठ्या संख्येने चित्रपट काढले. त्यांची रचना बहुधा ठरलेली असे. आरंभी प्रश्नाची ओळख, मध्ये योजनेची माहिती आणि शेवटी हसऱ्या चेहऱ्यांचे किंवा उसळत्या पाण्याचे दृश्य. या सर्वांवर एका अदृश्य निवेदकाचा भारदस्त आवाज असे. दृश्यातील शेतकरी, कामगार वा कारागीर यांचे ओठ हललेले दिसत. त्यांचा आवाज मात्र ऐकू येत नसे. याला तांत्रिक कारणही होते. ३५ मिमी. चे कॅमेरे जड होते आणि बाहेरच्या जागी चित्रणाबरोबरच ध्वनिमुद्रण करणे खर्चिक व कठीण होते. चित्रण मूक करावे आणि निवेदन व संगीत नंतर जोडावे, ही रीत सोयीची होती. निवेदनाचीच भाषांतरे करून एकाच चित्रपटाच्या मराठीसह अनेक भाषांतील आवृत्त्या काढता येत. परंतु सोयीची ही रीत हळूहळू दृष्टिकोण होऊन बसली. ज्याच्यासाठी योजना आखली त्याचे मत विचारण्याची गरजच चित्रपटाच्या रचनेत उरली नाही.

निवेदन हे स्वतः दोषास्पद नव्हे. सत्यजित राय यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी काढलेला रवींद्रनाथ टागोर (१९६१) हा चित्रपट याची साक्ष देतो. सु. ५४ मिनिटांच्या या चरित्रपटाचे इंग्रजी निवेदन राय यांनी स्वतः लिहून स्वतःच वाचले आहे. जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते, चित्रे व काही अभिनीत प्रसंग यांची त्यात गुंफण आहे. येथील निवेदक सर्वज्ञ अधिकारी नाही. आपल्या विषयाविषयी आदर असलेला आणि शब्द जपून वापरणारा तो एक जाणकार आहे. विठ्ठलभाई झवेरी यांचा महात्मा (१९६८) हा पाच तासांहून अधिक लांबीचा गांधीचरित्रपट उपलब्ध जुन्या चित्रफितींच्या व छायाचित्रांच्या संकलनातून उभा राहिला. त्यातही निवेदनाचा भार मोठा आहे. पण ते गांधीजींच्या स्वतःच्या शब्दांवर आधारलेले असल्यामुळे विषयाचा आवाज दडपला जात नाही. तेव्हा दोष निवेदनाच्या साधनात नव्हता, तर विषयाऐवजी बोलण्याच्या सवयीत होता.

बदलाची कारणे : १९६२ चे चीनबरोबरचे युद्ध, १९६५ चे पाकिस्तानबरोबरचे युद्ध आणि १९६६-६७ मधील बिहारचा दुष्काळ यांमुळे पहिल्या दशकातील आशावाद ओसरला होता. नियोजनाच्या यशाची ग्वाही देणारे चित्रपट आणि धान्याच्या रांगेत उभा असलेला प्रेक्षक यांतील अंतर लपण्यासारखे नव्हते. चंदा समितीने या काळात आकाशवाणीबरोबर शासनाच्या चित्रपटकार्याचीही तपासणी केली. परदेशांत हलके कॅमेरे व सहज नेता येणारी ध्वनिमुद्रणयंत्रे आल्यामुळे माणसांशी थेट बोलणाऱ्या अनुबोधपटांची लाट आली होती. झां रूश व एद्गार मोरँ यांचा क्रॉनिक द्यून एते (१९६१) हा फ्रेंच चित्रपट तिचे ठळक उदाहरण होय. इंदिरा गांधी माहिती व नभोवाणी मंत्री असताना (१९६४–६६) पॅरिस येथे युनेस्कोत काम करणारे जहांगीर (जाँ) भावनगरी यांना फिल्म्स डिव्हिजनचे प्रमुख सल्लागार म्हणून बोलाविण्यात आले. १९६५ ते १९६७ या अल्प कालावधीत त्यांनी तरुण दिग्दर्शकांना नेहमीची चौकट मोडण्यास उत्तेजन दिले. या दशकातील बहुतेक महत्त्वाचे चित्रपट १९६५ नंतरच्या तीन-चार वर्षांत एकवटलेले दिसतात, हा योगायोग नव्हे.

उल्लेखनीय अनुबोधपट : एस्. सुखदेव (१९३३–७९) हे पॉल झिल्स या जर्मन दिग्दर्शकाच्या हाताखाली तयार झालेले स्वतंत्र निर्माते होते. अँड माइल्स टू गो (१९६५) या चित्रपटात त्यांनी श्रीमंती व दारिद्र्य यांची दृश्ये एकमेकांसमोर ठेवली. सरकारमान्य पडद्यावर विषमतेचे असे रोखठोक चित्र तोवर क्वचितच आले होते. मात्र ही विरोधाची पद्धत ढोबळ आहे. मेजवानी व भूक शेजारीशेजारी ठेवली की प्रेक्षकाला धक्का बसतो. भूक का आहे हे कळत नाही.

त्यांच्या इंडिया ’६७ या सु. तासाभराच्या चित्रपटात हे तंत्र अधिक परिपक्व झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील जीवन यात निवेदनाशिवाय, केवळ दृश्य, नैसर्गिक ध्वनी व संगीत यांच्या आधारे मांडले आहे. पुढे ॲन इंडियन डे या नावाने त्याची आटोपशीर आवृत्ती निघाली. सत्यजित राय यांना या चित्रपटातील गरिबी-श्रीमंतीचे ठसठशीत विरोध विशेष वाटले नाहीत. त्यांना भावले ते बारीक तपशील : तापलेल्या वाळूवरून सरपटत जाणारा काळा भुंगा, उभ्या केलेल्या सायकलीवर पाय वर करणारा कुत्रा, वादकाच्या नाकाच्या शेंड्याशी लोंबणारा घामाचा थेंब. राय यांचा हा अभिप्राय मार्मिक आहे. निवेदन काढून टाकल्याने चित्रपट आपोआप प्रामाणिक होत नाही. संकलनाच्या कात्रीतूनही दिग्दर्शक निवेदकाइतकीच हुकमत गाजवू शकतो. इंडिया ’६७ मोठा ठरतो तो जेथे सुखदेव सिद्ध करावयाचे सोडून नुसते पाहतात तेथे.

पाहण्याच्या पुढची पायरी ऐकण्याची. के. एस्. चारी व टी. ए. अब्राहम यांच्या फेस टू फेस (१९६७) मध्ये स्वातंत्र्याला वीस वर्षे होत असताना लोकशाहीविषयी नागरिकांची मते त्यांच्याच तोंडून ऐकविली आहेत. मतांत तक्रारी आहेत, उपरोध आहे, निराशाही आहे, आणि चित्रपट त्यांना उत्तर देऊन गप्प करीत नाही. शासनाच्या खर्चाने काढलेल्या चित्रपटात शासनावरील टीका शेवटच्या समजुतीच्या शब्दाविना राहू द्यावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

एस्. एन्. एस्. शास्त्री यांचा आय ॲम २० (१९६७) हा या दशकातील सर्वांत जिवंत अनुबोधपट म्हणावा लागेल. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास जन्मलेल्या तरुणतरुणींना गाठून त्यांच्या आकांक्षा, करमणूक, नोकरी, देश यांविषयी त्यांना बोलते केले आहे. धावत्या आगगाडीच्या तालावर दृश्यांची जुळणी करून शास्त्री एकाचे उत्साही बोलणे दुसऱ्याच्या उदासीनतेवर आणून सोडतात. त्यामुळे पिढीचे एकच एक चित्र बनत नाही. विसंगत उत्तरे विसंगतच ठेवण्याचे हे धैर्य हाच चित्रपटाचा विशेष होय. त्यांच्याच अँड आय मेक शॉर्ट फिल्म्स (१९६८) मध्ये अनुबोधपट काढणाऱ्याने स्वतःच्या धंद्याकडे तिरकस नजरेने पाहिले आहे. ठरावीक विषय व ठरावीक शेवट यांची थट्टा त्याच संस्थेच्या पडद्यावर यावी, यात तत्कालीन मोकळेपणाची खूण दिसते.

फली बिलिमोरिया यांच्या द हाउस दॅट आनंद बिल्ट (१९६८) या चित्रपटाची पद्धत शांत आहे. ओरिसातील एका खेड्यातील आनंद नावाचा गृहस्थ, त्याचे घर आणि शिकून निरनिराळ्या वाटांना लागलेली मुले यांच्या आधारे ग्रामीण जीवनातील स्थित्यंतर त्यात दाखविले आहे. ‘भारतीय शेतकरी’ या सर्वनामासारख्या प्रतिमेऐवजी नाव, घर व नातीगोती असलेला माणूस येथे पडद्यावर आला. लघु अनुबोधपटाच्या ऑस्कर पारितोषिकासाठी या चित्रपटाला नामांकन मिळाले होते. श्याम बेनेगल यांच्या अ चाइल्ड ऑफ द स्ट्रीट्स (१९६७) मध्ये मुंबईतील रस्त्यांवर वाढणाऱ्या मुलांचा विषय आहे. बेनेगल यांच्या पुढील कथापटांतील वास्तवाच्या जाणिवेची तयारी अशा लघुपटांतून झाली.

भाषेपेक्षा दृश्यावर विसंबणारा दुसरा प्रवाह चित्रकला व प्रयोग यांच्या बाजूने आला. पंढरपूर येथे जन्मलेले आणि मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविण्याचे काम केलेले चित्रकार म. फि. हुसेन (१९१५–२०११) यांच्या थ्रू द आइज ऑफ अ पेंटर (१९६७) या लघुपटात राजस्थानातील छत्री, कंदील, जोडा, जनावरे, भिंती अशा प्रतिमा येतात. त्यांचा अर्थ लावून देणारे निवेदन नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. प्रमोद पती यांनी प्रागमध्ये सचेतनपटाचे शिक्षण घेतले होते. कुटुंबनियोजनासारख्या प्रचारविषयावरही क्लॅक्सप्लोजन (१९६८) सारखा खेळकर प्रयोग त्यांनी केला. त्यांच्या एक्स्प्लोअरर (१९६८) मध्ये नाचणारी तरुण मंडळी, विज्ञानाची उपकरणे व धार्मिक चिन्हे अतिशय वेगाने एकमेकांवर आदळतात. सात मिनिटांच्या या चित्रपटाचा अर्थ शब्दांत सांगता येत नाही आणि तसा तो सांगण्याचा त्याचा हेतूही नाही. या प्रयोगांचे मोल निःसंशय मोठे आहे. मात्र त्यांनी निवेदकाचा अधिकार काढून घेतला तो कलावंताच्या हाती दिला, चित्रित माणसाच्या हाती नव्हे, हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

प्रेक्षक व भाषा : मुंबईत तयार झालेला हा चित्रपट शहरांतील चित्रपटगृहांबरोबरच तंबूतील फिरत्या टॉकीजमधून आणि क्षेत्रीय प्रसिद्धी खात्याच्या गाड्यांवरून ग्रामीण भागातही पोहोचावा, अशी योजना होती. म्हणून त्याची कसोटी महोत्सवांतील पारितोषिकांबरोबर ग्रामीण प्रेक्षकाच्या दृष्टीनेही घ्यावयास हवी. उदा., मराठवाड्यातील जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील शेतमालाच्या बाजारपेठेचे गाव. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते. अशा गावातील प्रेक्षकाला बियाणे, खते, विहिरी यांविषयीचा शेतीपट काय सांगणार? धान्याचा भाव, अडत, सावकाराचे देणे आणि पावसाचा भरवसा ही त्याच्या अनुभवाची अंगे होती. सुधारित शेतीवरील नेहमीच्या अनुबोधपटात पीक उभे राहिलेले दिसे. ते बाजारात नेल्यावर काय होते, हे सहसा दिसत नसे. पडद्यावरचा शेतकरी त्याच्यासारखाच दिसे, पण बोले मात्र प्रमाण मराठीतील निवेदक. मराठवाड्याच्या बोलीत आपला प्रश्न मांडणारा माणूस त्या पडद्यावर सहसा भेटत नसे.

या कसोटीवर दशकातील श्रेष्ठ चित्रपटांचीही एक उणीव उघडी पडते. फेस टू फेस व आय ॲम २० यांनी माणसांना बोलू दिले. परंतु बोलणाऱ्यांत शहरी व इंग्रजीत व्यक्त होऊ शकणाऱ्यांचा वाटा मोठा राहिला. ग्रामीण माणूस एखाददुसऱ्या वाक्यापुरता येतो, आणि तेवढ्यानेही चित्रपटाचा सूर बदलतो. अनुबोधपटाने ऐकण्यास आरंभ केला, पण तो आधी आपल्याच वर्गाचे ऐकू लागला. द हाउस दॅट आनंद बिल्ट खेड्यात गेला, तोही त्या खेड्याविषयी जाणत्याच्या समंजस सुरात बोलणारा. ग्रामीण माणसाचा स्वतःचा आवाज आणि त्याचे स्वतःचे जग ही दोन्ही एकत्र आणणारा चित्रपट या दशकाला देता आला नाही.

मर्यादा व परिणाम : हा मोकळेपणा संस्थेच्या नियमांत कोठेही लिहिलेला नव्हता. सल्लागाराचा पाठिंबा, मंत्र्यांची अनुकूलता आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची सहनशीलता यांवर तो उभा होता. भावनगरी १९६७ मध्ये परत गेल्यानंतरही काही काळ त्याचा वेग टिकला; पुढे तो मंदावला. आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) त्याची खरी परीक्षा झाली. ज्या सुखदेवांनी विषमतेची दृश्ये सरकारी पडद्यावर आणली, त्यांनीच थंडर ऑफ फ्रीडम (१९७६) या चित्रपटात आणीबाणीचे समर्थन केले. त्याकडे केवळ व्यक्तीचा दोष म्हणून पाहणे अपुरे ठरेल. परवानगीने मिळालेला आवाज परवानगी देणाऱ्याच्या अडचणीच्या वेळी त्याच्याच बाजूने बोलू लागतो, हा त्यातील धडा आहे.

याच सुमारास अनुबोधपटाची दुसरी वाट शासकीय संस्थेबाहेर तयार झाली. आनंद पटवर्धन यांनी बिहारमधील जनआंदोलनावर वेव्ज ऑफ रिव्होल्यूशन (१९७५) आणि राजकीय कैद्यांवर प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स (१९७८) हे चित्रपट अल्प साधनांनिशी काढले. मुंबईतील झोपडपट्ट्या पाडण्यावरील बॉम्बे : अवर सिटी (हमारा शहर, १९८५) या त्यांच्या चित्रपटात एक झोपडपट्टीवासी स्त्री चित्रण करणाऱ्यांनाच जाब विचारते, गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव मिळविणार, आमच्या पदरी काय, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग गाळला नाही. आय ॲम २० मध्ये प्रश्न विचारणारा पडद्यामागे सुरक्षित होता. येथे प्रश्न उलटून त्याच्यावर आला. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्या घटनेपासून आरंभ होणारा आणि चौदा वर्षे चित्रित होत राहिलेला जय भीम कॉम्रेड (२०११) हा चित्रपट तर मराठी शाहिरांच्या व वस्तीतील लोकांच्या आवाजावरच उभा आहे. सातव्या दशकात जे अर्धवट राहिले ते येथे पुरे झाले. मात्र या वाटेची किंमतही होती. या दिग्दर्शकाला आपले चित्रपट दूरदर्शनवर दाखविले जावेत म्हणून वेळोवेळी न्यायालयात जावे लागले. सरकारी अनुबोधपटाला प्रेक्षक आयता मिळाला, पण बोलण्याचे स्वातंत्र्य मर्यादित होते. स्वतंत्र अनुबोधपटाला स्वातंत्र्य मिळाले, पण प्रेक्षक शोधावा लागला.

मूल्यमापन : १९६१–७० या दशकाकडे भारतीय अनुबोधपटाचे सुवर्णयुग म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. तीत अतिशयोक्ती आहे. दशकातील बहुसंख्य शासकीय अनुबोधपट आधीच्याच साच्यातील होते आणि ज्या मोजक्या चित्रपटांनी तो मोडला, ते आज प्रामुख्याने अभ्यासकांच्या व महोत्सवांच्या पडद्यावर दिसतात. तथापि त्यांचे ऐतिहासिक स्थान त्यामुळे कमी होत नाही. राज्यसंस्थेच्या पैशाने काढलेल्या चित्रपटात नागरिकाला आपली नाराजी आपल्या तोंडाने सांगता येते, हे त्यांनी एकदा दाखवून दिले. नंतर ते घडले नाही, तर ते अशक्य होते म्हणून घडले नाही असे यापुढे कोणाला म्हणता येणार नाही.

फिल्म्स डिव्हिजनची स्वतंत्र संस्था म्हणून कारकीर्द २०२२ मध्ये संपली; त्या वर्षी तिचे कार्य राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. मुंबईतील तिच्या आवारात २०१९ पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिच्या हजारो चित्रपटांचा साठा हा स्वातंत्र्योत्तर भारताचा एक मोठा दृश्य दस्तऐवज होय. त्याचे जतन करणे जसे आवश्यक आहे, तसेच तो ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत, त्यांच्या गावी व त्यांच्या भाषेत, तो पुन्हा पोहोचविणेही आवश्यक आहे. निवेदकाचा आवाज त्यांनी एकदा ऐकला आहे. त्यावर त्यांचे म्हणणे काय, हे अद्याप पुरते नोंदले गेलेले नाही.